तिसरी कडी

ही गोष्ट खरी आहे. कुणाच्या मित्राच्या मित्राला घडलेली नाही. माझ्या घरात घडली. माझ्या मुलीसोबत.

विशू आत्ता मांडीवर झोपलीय. ती उठेपर्यंत जेवढं लिहून होईल तेवढं लिहिते.

नेदरलँड्समधलं टिलबर्ग. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. अमावास्या वगैरे नव्हती. रात्रसुद्धा नव्हती. जे झालं ते सगळं दिवसाउजेडी झालं... म्हणूनच कुणाला सांगायला गेलं की लोक आधी हसतात.

माझा नवरा सौमित्र इथल्या मोठमोठ्या गोदामांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. त्याच्या ऑफिसात वाउटर नावाचा एक डच माणूस आहे. हा वाउटर रविवारी मेटल डिटेक्टर घेऊन शेतांतून हिंडतो. मका कापून झाला की शेतं मोकळी होतात. शेतकऱ्याची परवानगी घ्यायची, कानाला हेडफोन लावायचे आणि यंत्र जमिनीवरून फिरवत चालत राहायचं. सौमित्र एकदा त्याच्यासोबत गेला आणि त्याला वेडच लागलं.

सापडायचं काय? बिअरच्या कॅनची झाकणं. शिशाचे तुकडे. गंजके खिळे.

"भंगारवाला होणारेस का रे?" मी चिडवायचे. "पुण्यात निदान हातगाडी तरी असते त्यांच्याकडे."

"हस, हस. एक दिवस बघशील."

तो दिवस आला.

सौमित्र चिखलाच्या बुटांसकट स्वयंपाकघरात शिरला. मी ओरडणार, तोवर त्यानं नळ सोडून हातातली वस्तू पाण्याखाली धरली. माती वाहून गेली आणि खालून काळपट चांदी दिसायला लागली.

अडकवायचा एक आकडा होता. तळहाताएवढा. वर रुंद पट्टी, तिच्यावर वेलबुट्टी आणि मधोमध बदामाचा आकार. खाली तीन कड्या.

"अय्या, हा तर छल्ला!"

आपल्याकडे बायका कमरेला किल्ल्यांचा छल्ला खोचतात ना, अगदी तसाच. माझी आई अजून सणावाराला खोचते.

"तेच तर!" सौमित्रचे डोळे चमकत होते. "इथल्या बायका कमरपट्ट्याला अडकवायच्या. वाउटर म्हणतो, तीनशे वर्षांपूर्वीचा तरी असेल."

मी तो हातात घेतला...

आणि लगेच ओट्यावर ठेवला.

बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. नळाचं पाणी बर्फासारखं होतं. आणि ती चांदी कोमट होती.

कुणीतरी आत्ताच कमरेवरून काढून दिल्यासारखी.

"सौमित्र, हे परत देऊन टाक."

"का गं?"

"कुणा बाईच्या कमरेचं आहे, काय झालं असेल तिचं... घरात लहान बाळ आहे. मला नको हे. आणि काही जुनं सापडलं की सरकारला कळवायचं, असं वाउटरनंच बजावलं होतं ना?"

तसा नियमच आहे इथला.

"कमाल आहे, संहिता. इंजिनिअर ना तू?"

"इंजिनिअर आहे आणि आईपण आहे. दे परत."

पुढच्या रविवारी तो शेतावरून आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "दिला गं वाउटरकडे. तो कळवेल."

"खरंच?"

"अगं हो."

"माझ्याकडे बघून सांग."

तो उठला. विशू तिच्या उंच खुर्चीत बसून वरणभात चिवडत होती. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"विशूची शपथ. दिला. झालं समाधान?"

शपथ मी मागितली नव्हती. त्यानं आपणहून घेतली. त्याच्या हाताची माती विशूच्या जावळाला लागली, ती मी ओल्या फडक्यानं पुसली. माझ्यापुरता विषय संपला.

इथली घरं तुम्हाला माहीत असतील. अरुंद, उंच. मधे शिडीसारखा खडा जिना. विशूची खोली वर. ती तेव्हा अकरा महिन्यांची होती, धरून उभी राहायची पण चालत नव्हती. म्हणून जिन्याच्या तोंडाशी आम्ही लहान मुलांसाठीचं फाटक बसवलं होतं.

एका दुपारी तिला वर झोपवून मी खाली मेथी निवडत बसले होते. सौमित्र ऑफिसात होता.

वरून आवाज आला...

किण्.

मी मान वर केली. शेजारी असेल.

किण्... किण्...

शेजारी नव्हतं. आमच्याच माडीवर होतं. चालीचा आवाज होता तो. किल्ल्या कमरेला लावून कुणी सावकाश चाललं की येतो ना, तसा. पॅसेजमधून तो पुढे पुढे गेला... आणि विशूच्या दाराशी थांबला.

मी कशी वर पोचले मला आठवत नाही.

विशू जागी होती. रडत नव्हती. पाळण्याचा कठडा धरून उभी होती आणि दाराकडे बघून हसत होती.

दारात मी होते. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या जरा बाजूला बघत होती.

त्यानंतर वस्तू नाहीशा व्हायला लागल्या.

आधी माझ्या सायकलची किल्ली. दाराजवळच्या खुंटीवरून गेली. मग विशूची नखं कापायची छोटी कात्री. सगळं घर उलथंपालथं केलं.

"तू घेतलीस का रे?"

"मी कशाला घेऊ? तूच ठेवली असशील कुठेतरी. झोप होत नाही तुझी."

झोप होत नव्हती, हे खरंच होतं. म्हणून मी पुन्हा शोधायला लागले.

पण विशूचं काय सांगू...

ती सोफ्याला धरून उभी राहायची. मग एक हात सोडायची, वर करायची आणि हवेतच मूठ मिटायची. आईच्या पदराचं टोक धरावं तशी. आणि तशीच उभी राहायची, अगदी निर्धास्त.

आधी मी नुसती बाथरूमला गेले तरी दाराबाहेर टाहो फोडायची. आता मी खोलीतून निघून गेले तरी मान वळवत नव्हती.

इथल्याच झूटरमेर शहरातली माझी मैत्रीण मंजूषा फोनवर म्हणाली, "नशीब काढलंस बाई! आमचं कार्टं तर दिवसभर पायात घोटाळतं."

मी हसले. फोन ठेवल्यावर रडले.

माझं बाळ माझ्याकडून कुणीतरी नेत होतं. हळूहळू. आणि मला ते कुणाला सांगताही येत नव्हतं.

मग एका शनिवारी सकाळी वाउटर आला. त्याच्या बागेतल्या नासपती घेऊन. सौमित्र वर आंघोळीला गेला होता. मी कॉफी केली. विशू माझ्या कडेवर होती.

"मग, कुठे ठेवलास तो आकडा?" वाउटरनं विचारलं. "बघू तरी, साफ केल्यावर कसा दिसतो."

"कुठला आकडा?"

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

"अगं, तुझ्या आईकडे आहे तसा. सौमित्रनं सांगितलं मला. तू तो हातात धरून रडलीस, सोडायलाच तयार नव्हतीस. म्हणून तर मी गप्प बसलो. नाहीतर मी कधी असं करत नाही. पण आता शेतकरी विचारतोय, तेव्हा..."

मी हातातला कप खाली ठेवला.

"त्या कड्यांना काय अडकवायचे?" मी विचारलं. माझा आवाज मलाच लांबून ऐकू आला.

"साखळ्या. एका साखळीला घराच्या किल्ल्या, एकीला कात्री. तिसरीला जिचं तिचं काहीतरी." त्यानं आपल्या कमरेवर हात ठेवून दाखवलं. "घरची बाई यायच्या आधी तिचा आवाज यायचा म्हणतात."

तेव्हा मला सौमित्र दिसला. जिन्यावर. ओल्या केसांनी. त्यानं सगळं ऐकलं होतं.

वाउटरनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. कॉफी अर्धी टाकून तो निघून गेला.

"कुठे आहे?" मी विचारलं.

सौमित्र मागे वळला. वर गेला. मी विशूला घेऊन मागोमाग गेले. मीच वरचं फाटक लावलं, खिट्टीचा आवाज ऐकला. विशूला तिच्या खोलीतल्या सतरंजीवर ठेवलं.

त्यानं पाळण्याखालचा खण ओढला.

त्या खणात विशूचे लहान झालेले कपडे आहेत. मी तो उघडत नाही. ते इवलेसे कपडे हातात घेतले की मला भरून येतं, किती भराभर मोठी होतेय ती म्हणून. हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.

त्यानं लपवायला तोच खण निवडला.

"का, सौमित्र?"

"सात वर्षं झाली इथे येऊन." तो खाली बघत बोलत होता. "घर भाड्याचं. राहायचं परमिट इथल्या सरकारच्या मर्जीचं. पहिल्यांदाच इथल्या मातीनं मला आपणहून काहीतरी दिलं. मला सोडवेना गं."

"आणि माझं नाव का घेतलंस?"

"वाउटरनं माझ्यासाठी ऐकलं नसतं."

"आणि विशूची शपथ?"

"शपथेनं काय होतं, संहिता? शब्द आहेत नुसते."

त्यानं पिवळं झबलं बाहेर काढलं. घडी उलगडली. आत आकडा होता.

एका कडीत माझ्या सायकलची किल्ली होती.

दुसरीत विशूची कात्री.

मी वाकून पाहिलं. कड्या अखंड होत्या. कुठे सांधा नाही, फट नाही. कात्रीची मूठ त्यांच्यातून ओवलेली होती... कशी, ते मला आजही सांगता येणार नाही.

तिसरी कडी रिकामी होती.

सगळा आकडा काळा पडलेला. फक्त ती एक कडी चकचकीत होती. रोज कुणाच्या तरी हातात राहिल्यासारखी. कुणातरी लहानशा हातात.

सौमित्रचा चेहरा पांढरा पडला.

"हे मी नाही केलं."

मी कडीवरून नजर उचलून त्याच्याकडे पाहिलं.

"संहिता, खरंच नाही. मी त्या दिवसानंतर खणाला हातसुद्धा लावला नाही. पाहिजे तर विशूची..."

त्याचा हात उठला. मी त्याचं मनगट घट्ट पकडलं.

"तिचं नाव घ्यायचं नाही."

खोलीत शांतता पसरली.

फारच शांतता...

आम्ही दोघांनी एकदमच मागे पाहिलं.

सतरंजीवर विशू नव्हती.

पॅसेजमध्ये नव्हती. जिन्याचं फाटक बंद होतं. खिट्टी तशीच लावलेली.

आणि खालून आवाज आला...

किण्.

आकडा सौमित्रच्या हातात होता. माझ्या डोळ्यांसमोर. जराही हलला नव्हता.

किण्... किण्...

मी खाली धावले. पुढचं दार सताड उघडं होतं आणि गार वारा आत येत होता. उंबऱ्यापाशी विशू उभी होती. कशालाच न धरता. एक हात वर, मूठ मिटलेली. अंगावर ओरखडा नाही. त्या जिन्यावरून मी स्वतः कठडा धरून उतरते, आणि ती खाली पोचली होती.

तिनं पाऊल टाकलं.

मग दुसरं.

तिच्या पहिल्या पावलाची मी किती वाट पाहिली होती! व्हिडिओ काढायचा म्हणून फोन सतत जवळ ठेवायचे. आजीला पाठवायचा होता.

माझ्या लेकीचं पहिलं पाऊल माझ्याकडे पाठ करून पडलं.

मी तिला उचललं, छातीशी धरलं. आणि ती किंचाळून रडली. माझ्या खांद्यावरून दोन्ही हात दाराबाहेर पसरून. मी तिला जणू कुणापासून हिसकावून घेतलं होतं. बाहेर गल्ली रिकामी होती. सायकलींची रांग आणि पाऊस. एवढंच.

सौमित्र त्याच दुपारी आकडा घेऊन वाउटरकडे गेला. या वेळी मीही सोबत गेले. तो रीतसर कळवला गेला, शेतकऱ्याला दाखवला गेला. आता तो एका वस्तुसंग्रहालयात आहे. निघताना किल्ली आणि कात्री ओट्यावर ठेवलेली होती, कड्या मोकळ्या होत्या. "मी काढल्या," सौमित्र म्हणाला. कशा काढल्या, ते मी विचारलं नाही. त्यानं काहीतरी उत्तर दिलं असतं. त्या उत्तराचं मी काय करणार होते?

तो आता फार जपून वागतो. यंत्र वाउटरला देऊन टाकलं. चहा करून देतो, विशूला फिरवून आणतो. मीही नीट बोलते. पण तो "दूध आणलंय" म्हणाला की मी जाऊन फ्रिज उघडून बघते.

आवाज पुन्हा आला नाही. वस्तू हरवत नाहीत. विशू आता घरभर पळते. डॉक्टर म्हणतात, तब्येत उत्तम. मंजूषा म्हणते, विसर आता.

विसरलेही असते.

पण विशू पळताना पडते. सगळीच मुलं पडतात. मी गुडघ्यांवर बसते, हात पसरते, "ये माझ्याकडे, ये बाळा" म्हणते. ती रडता रडता उठते...

आणि लगेच येत नाही.

आधी बाजूला मान वर करून बघते. तिथे उभ्या असलेल्या कुणाच्या तरी तोंडाकडे बघावं तशी. क्षणभर थांबते. रडणंसुद्धा थांबवते.

कुणीतरी हो म्हणाल्यासारखी तिची मान हलते, आणि मग ती माझ्याकडे धावत येते.

अजून तरी, दर वेळी आली आहे.