दारापुढच्या तेरा पट्ट्या

१९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळपासून आभाळ भरून आलेलं, पण पाऊस नाही आणि वाराही नाही. झाडाचं पान हलत नव्हतं. दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर चार वाजताच दिवे लावावे लागले.

डॉक्टरांना त्या दिवशी एकच काम उरलं होतं. वॉर्डात दगावलेल्या घड्याळजीची फाइल पुरी करायची, खाली सही करायची आणि चौकशी समितीचा शिपाई संध्याकाळी आला की त्याच्या हातात द्यायची. फाइलमध्ये एक ओळ त्यांनी तेरा दिवसांपूर्वीच लिहून ठेवली होती. ती ओळ टिकली तर त्यांची खुर्ची टिकणार होती. नाही तर सव्वीस वर्षांची कमाई पाण्यात.

सव्वीस वर्षं डॉक्टरांनी कंपवाताचे, ताठरलेल्या अंगाचे, हसायला विसरलेल्या चेहऱ्यांचे रुग्ण तपासले होते. पेशंट दारात यायच्या आधी, नुसतं बाहेरचं पाऊल ऐकून ते रोग ओळखत. फरपटत येणारं पाऊल कुणाचं, अडखळणारं कुणाचं, हे त्यांना डोळे मिटूनही कळे. त्यांच्याच सांगण्यावरून बाकापासून त्यांच्या दारापर्यंत जमिनीवर तेरा पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, एकेका पावलाच्या अंतरावर. कंपवाताच्या माणसाचे पाय चालता चालता जमिनीला खिळतात. पुढे आडवी रेघ दिसली, किंवा कुणी शेजारून 'एक, दोन' म्हटलं, की तेच पाय सुटतात. दारात तर हमखास खिळतात. म्हणून तेरावी पट्टी बरोबर उंबऱ्यावर होती.

काल डॉक्टरांनी ती काढायला लावली होती.

"पट्टी नसली तर पेशंट दारातच अडकतात, सर," सिस्टर म्हणाल्या होत्या.

"अडकू देत."

सिस्टरांनी गुडघे टेकून नखांनी पट्टी सोडवली आणि गुंडाळी करून कोटाच्या खिशात टाकली.

कारण डॉक्टरांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ७ नोव्हेंबरपासून रोज, पाच वाजून दहा मिनिटांनी, बाहेर पावलं वाजत. फरफर, फरफर, आणि मग थांबणं. पहिल्या दिवशी ती पहिल्या पट्टीपाशी थांबली. दुसऱ्या दिवशी दुसरीपाशी. डॉक्टर दार उघडून बघत. बाहेर बाक आणि भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ, दुसरं काही नाही. पाण्याच्या नळांचा आवाज असेल, असं ते स्वतःला सांगत. पण नळ रोज एक पाऊल पुढे सरकत नाहीत, एवढं त्यांनाही कळत होतं. काल ती पावलं बाराव्या पट्टीवर येऊन थांबली होती.

साडेचारला घड्याळजीची बायको आली. ठेंगणी, पांढऱ्या केसांची, हातात कापडी पिशवी. ती खुर्चीवर बसली नाही.

"लिहिलंत?" तिने विचारलं.

"बाई, लिहायचं ते लिहून झालंय. तुम्ही रोज येऊन त्यात फरक पडणार नाही."

"वाचून दाखवा."

डॉक्टरांनी चष्मा लावला आणि कोरड्या आवाजात वाचलं, "रुग्णाने स्वतःहून गोळ्या घेण्यास नकार दिला."

ती हसली. त्या हसण्यात ओलावा औषधालासुद्धा नव्हता.

"नकार? अहो, ते गोळीची वेळ चुकू नये म्हणून तीन तीन घड्याळं उशाशी लावायचे. तुम्हालाच म्हणायचे ना, 'डॉक्टर, मी गावाची घड्याळं चालू करतो, आणि माझी चावी तुमच्या खिशात'? तुम्ही हसायचात तेव्हा."

डॉक्टरांना आठवत होतं सगळं. परिषदेत दाखवायला त्यांना घड्याळजीचं चित्रीकरण हवं होतं, गोळीआधीचा माणूस आणि गोळीनंतरचा माणूस. बुधवारी, ५ नोव्हेंबरला, संध्याकाळी सातची गोळी शेवटची. गुरुवारी सकाळी सातला चित्रीकरण, मग लगेच गोळी, असं ठरलं होतं. कॅमेरावाला म्हणाला, दुपारी तीनला येतो. डॉक्टरांनी सिस्टरांना फोनवर सांगितलं, "तोवर गोळी देऊ नका." दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी सिस्टर खाली गेल्या, दोन चाळीसला परत आल्या. घड्याळजी पलंगावर लाकडासारखा पडला होता, घशात कफ अडकून गेलेला. घंटीचं बटण त्याच्या बोटांपासून वीतभर लांब होतं.

"सिस्टरांनी ऐकलंय तुमचं फोनवरचं," ती म्हणाली.

"ऐकलेल्याला कागद लागतो, बाई. आहे कागद?"

"आज होईल." तिने पिशवीतून घड्याळजीचं भिंग काढलं, डोळ्याला लावायचं, काळ्या नळीचं, कडा झिजलेलं. ते टेबलावर ठेवलं. "हे असू दे इथे. वाचायला लागेल."

"उचला ते. आणि परत येऊ नका. पुढच्या खेपेला मी पहारेकऱ्याला बोलावीन."

"मी नाही येणार," ती दारात थांबून म्हणाली. उघड्या उंबऱ्याकडे तिने खाली पाहिलं. "पट्टी काढलीत होय? घाबरलात म्हणायचं."

भिंग तिथेच राहिलं. सिस्टर खालच्या मजल्यावर इंजेक्शनं द्यायला गेल्या. डॉक्टर एकटे उरले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, फाइल पुढे ओढली आणि ते रकाने भरायला लागले. नाडी. रक्तदाब. वजन. काम नेहमीचं होतं, आणि नेहमीच्या कामात माणूस बुडतो. घड्याळाकडे बघायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

बाहेर फरफर झाली.

डॉक्टर वजनाचा आकडा शोधत होते. पावलं येत राहिली, एक पट्टी, दुसरी पट्टी, आज न थांबता. मग दारापाशी ती अडकली. जागच्या जागी चवडे थरथरत राहिले, फरश्यांवर बोटं वाजवावीत तसे. तो आवाज डॉक्टरांनी सव्वीस वर्षांत हजारो वेळा ऐकला होता. उंबऱ्यावर खिळलेला माणूस. पाय निघत नाहीत, तोंडातून शब्द निघत नाही, आणि तो लाजेने अर्धमेला होतो.

मान वर न करता, कागदावरून नजर न काढता, डॉक्टर मायेने म्हणाले, "घाई नको. डावा पाय उचला. एक..."

थरथर थांबली.

"...दोन."

पाऊल खोलीत पडलं.

तेव्हा डॉक्टरांनी मान वर केली. दारात कोणी नव्हतं. खोलीतही दिसत नव्हतं. पण घड्याळाच्या बारीक तेलाचा वास आला, थंड, धातूसारखा. आणि पावलं टेबलाला वळसा घालून त्यांच्या खुर्चीमागे आली. घाई नव्हती त्यांना. डॉक्टरांनीच सांगितलं होतं तसं.

"कोण..." डॉक्टर म्हणाले. 

कानाशी एक स्वर आला, सपाट, चढउतार नसलेला, त्यांच्या पेशंटांचा असतो तसा. "डॉक्टर... चावी..."

त्यांनी उठायचं ठरवलं. पाय उठले नाहीत. मान वळेना. गालाचं कातडं आपोआप ओढलं गेलं आणि चेहरा लाकडी झाला, पापण्या मिटायच्या थांबल्या. अंगात काय चाललंय याचं नाव, कारण, औषधाची मात्रा, सगळं त्यांना पाठ होतं. घंटीचं बटण टेबलाच्या कडेला होतं, डाव्या हाताच्या बोटांपासून वीतभर. बोटं तिकडे जाईनात. तोंडात लाळ साचू लागली. गिळायला हवं होतं. गिळता येईना.

फक्त उजवा हात चालू होता. त्यावर दुसऱ्या कुणाची तरी बोटं होती. गार, आणि अतिशय नेमकी. स्क्रू बसवावा तशी ती पेन धरून होती.

हात लिहू लागला. डॉक्टरांना खाली बघता येत नव्हतं. समोर उघडं दार दिसत होतं आणि कानात पेनाची खसखस, थांबायचं नाव न घेणारी. लाळ ओठांच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आली, तिथून शर्टावर. श्वास घशात घुटमळत होता, प्रत्येक वेळी थोडा कमी आत जात होता...

"नको..." एवढंच म्हणायचा त्यांनी प्रयत्न केला. किती वेळ केला, ते सांगता येणार नाही.

समितीचा शिपाई आला म्हणून सिस्टर त्याला घेऊन वर आल्या. त्यांनी डॉक्टरांना हाक मारली, खांद्याला हात लावला, मग डोकं पुढे वाकवून तोंडातली लाळ काढली. डॉक्टरांनी खोल श्वास घेतला आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. बाहेरच्या भिंतीवरच्या घड्याळात सहा चाळीस झाले होते. ते बंद पडलेलं घड्याळ चालू झालं होतं.

"हे काय ओढलंय?" शिपाई फाइलवर वाकून म्हणाला.

डॉक्टरांच्या ओळीखाली आणखी एक ओळ होती. सुरुवातीची अक्षरं नेहमीच्या आकाराची होती: "गोळी माझ्या..." पुढे ती लहान होत गेली होती, आणखी लहान, शेवटी नुसती फूटपट्टीने मारल्यासारखी शाईची रेघ. तशा रेघांनी पान भरलं होतं. सिस्टरांनी टेबलावरचं भिंग डोळ्याला लावलं. रेघ नव्हती ती. अक्षरं होती, सुबक, एकही काना न चुकलेली.

"गोळी माझ्या सांगण्यावरून एकोणीस तास चाळीस मिनिटे बंद ठेवली. तो नाही म्हणाला नव्हता." हेच वाक्य एकशे अठरा वेळा. खाली डॉक्टरांची सही.

"द्या फाइल," शिपाई म्हणाला. सिस्टरांनी दिली.

बाहेर पडताना सिस्टर उंबऱ्याशी थबकल्या. तेरावी पट्टी जागेवर होती, कडांना जुनी धूळ बसलेली. त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला. काल काढलेली गुंडाळी खिशातच होती.

४ डिसेंबरला समितीने निकाल दिला. मृत्यूची जबाबदारी डॉक्टरांवर ठेवली आणि त्यांचा परवाना रद्द केला. अक्षर त्यांचंच असल्याचं तज्ज्ञाने लिहून दिलं. डॉक्टरांच्या मेंदूच्या आणि नसांच्या तपासण्या तीन ठिकाणी झाल्या; तिन्ही ठिकाणी दोष सापडला नाही. घरी ते प्रत्येक दारात अडकतात. बायको शेजारी उभी राहून 'एक, दोन' म्हणते, तेव्हा ते दोन पावलं टाकून आत येतात. तिने मोजली आहेत. वाजतात चार.