तिसऱ्या चौकटीतली खूण

उन्मेषनं पेन हातात घेतलं तेव्हा बाहेर उणे अकरा होतं आणि आत रिटा होती. पुढं जे काही बिघडलं, त्यात उणे अकराचा काही दोष नाही.

स्की भाड्यानं देणाऱ्या त्या दुकानात फॉर्म भरल्याशिवाय काही मिळत नसे. नाव, उंची, वजन आणि खाली तीन चौकटी – नवशिके, बऱ्यापैकी, तरबेज. उन्मेष नागपूरचा. बर्फ त्यानं आयुष्यभर उसाच्या रसात पाहिलेला. कॅनडातल्या किचनरला येऊन पाच महिने झाले होते आणि ऑफिसच्या टीमबरोबर तो या टेकडीवर आला होता. टेकडी कसली, नागपूरची सेमिनरी हिल्सच, फक्त पांढरी. तरी त्यानं शांतपणे तिसऱ्या चौकटीत खूण केली.

यात खोटेपणा नव्हता, सवय होती. त्याचा रूममेट जयदीप म्हणायचा, "अबे, फॉर्मवर खरं नसते लिहायचं. खरं लिहिलं असतं तर तू आज कॅनडात असता का?" दोघांच्याही रेझ्युमेवर अशा तीन-तीन कॉम्प्युटर भाषा होत्या, ज्यांच्याशी त्यांची अजून तोंडओळखही व्हायची होती.

"अरे बाप्पा, हा बूट आहे का कुकर?" उन्मेष वाकून पुटपुटला.

"कुकरच. तीन शिट्ट्या झाल्या की काढा," काउंटरमागून आवाज आला. मराठीत!

त्यानं वर बघितलं. छातीवर बिल्ला – रिटा. डोक्यावर लोकरी टोपी, टोपीला गोंडा, आणि त्याखाली दोन डोळे... असे, की माणसानं स्वतःचं वजन विसरावं. उन्मेष ते आधीच विसरला होता. फॉर्मवर त्यानं अडुसष्ट किलो लिहिलं होतं.

"तुम्ही... मराठी?"

"वसईची. रिटा लोपीस. आणि मराठी घरीच शिकले, क्लास नाही लावला. सगळे विचारतात म्हणून आधीच सांगते." तिनं मागच्या फळीवरून दोन जोड काढले. "स्कीबोर्ड ना? म्हणजे आखूड, रुंद स्की. काठ्या नाहीत, हात मोकळे. नव्वद सेंटिमीटरचे पटकन वळतात, शिकायला सोपे. पण वेग घेतला की थरथरतात. एकशेवीसचे स्थिर, वजनदार माणसाला आणि सुसाट जाणाऱ्याला बरे. पण वळवायला मांडीत दम लागतो. तुम्हाला उड्या-गिरक्या मारायच्यात की नुसतं छान खाली यायचंय?"

"दोन्ही," उन्मेष म्हणाला.

"शिकलात कुठं?"

"गुलमर्गला."

गुलमर्गला त्यानं भर जूनमध्ये भाड्याच्या फरकोटात फोटो काढला होता. तेवढा भाग खरा होता.

रिटानं फॉर्म वाचला. मग त्याच्या बुटांकडे बघितलं. मग पुन्हा फॉर्म. "एकशेवीसचे... बुक आहेत," ती म्हणाली. "नव्वदवर भागवून घ्या."

"आता काय करणार!" उन्मेषनं तरबेज माणसाचा उसासा सोडला.

बोर्ड काखेत मारून तो थेट कॅफेटेरियात गेला, दोन तास हॉट चॉकलेट प्यायला आणि परत येताना पँटवर मूठभर बर्फ चोळून घेतला.

"कसं झालं?"

"बर्फ आज जरा मोकळा पडला होता."

"हो ना," रिटा गंभीरपणे म्हणाली. "पुलावासाठी बरा."

त्यानंतर दर गुरुवारी ऑफिस सुटलं की उन्मेषच्या डोक्यात स्कीबोर्डविषयी काहीतरी मूलभूत शंका यायची. ती नागपूरच्या माणसाला किचनरमध्ये एकाच काउंटरवर विचारता येत होती. आखूड बोर्डाला पाय न सुटणारी बांधणी चालते, मग लांब बोर्डाला सुटणारी का हवी? "कारण लांब बोर्ड अडकला की गुडघा पिळतो. तुमचे गुडघे आहेत ना विम्यात?" मऊ बोर्ड कुणाला, ताठ कुणाला? तिसऱ्या गुरुवारपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि चौथ्या गुरुवारी बाहेर भुरभुर बर्फ पडत असताना ती दारापर्यंत सोडायला आली.

"थांब – भुवईवर बसलाय." तिनं हातमोजा काढला आणि बोटानं बर्फ अलगद झटकला. उन्मेष थांबला. मनानं तो आठवडाभर तिथंच थांबला होता. ऑफिसात फक्त लॅपटॉप उघडत होता.

"शनिवारी माझी बारा ते एक सुट्टी असते," ती दुसरीकडेच बघत म्हणाली. "एक फेरी मारू या? दोघंच..."

आता इथं कुठल्याही शहाण्या माणसानं 'हो' म्हटलं असतं. पण उन्मेष तरबेज होता. तरबेज माणसाला तिच्यासमोर तोंडावर आपटता येत नाही.

"या शनिवारी... जरा काम आहे."

काम म्हणजे दीड तासावरची दुसरी टेकडी. तिथं त्यानं शनिवारचा नवशिक्यांचा वर्ग लावला. वर्गात सगळी मिळून सात मुलं आणि उन्मेष. त्यातली सहा वर्षांची अनन्या, व्हिटबीच्या एका मराठी घरातली, त्याला दर वेळी उठवायला यायची. तो मराठीत "थँक्यू गं" म्हणायचा. ती म्हणायची, "बेंड युअर नीज, अंकल!"

आधी स्की येऊ दे, मग जाऊ रिटाबरोबर. असा त्याचा हिशेब.

रिटानं पुढच्या शनिवारचं विचारलं. त्याला ग्रोसरी होती. त्याच्या पुढच्या शनिवारी विंटर टायर बसवायचे होते – फेब्रुवारीत. चौथ्यांदा विचारलं तेव्हा कारणं संपली होती, म्हणून त्यानं सांगितलं की बेसमेंटमधला बर्फ फावड्यानं काढायचाय.

"बेसमेंटमधला," रिटा म्हणाली.

"हो. खूप साठलाय."

तिनं मान हलवली. पाचव्यांदा तिनं विचारलं नाही. उन्मेषला जरा हायसंच वाटलं, इतका तो मूर्ख होता.

मार्चच्या अखेरीस तो खरंच शिकला. तिच्या सल्ल्याप्रमाणे, खरं वजन सांगून, नव्व्याण्णव सेंटिमीटरचा स्वतःचा जोड घेतला. शनिवारी बरोबर बारा वाजता तो दुकानात हजर झाला. "चल. फेरी मारू."

रिटा फळीवरचे बोर्ड खोक्यात भरत होती. "आज शेवटचा दिवस."

"सीझनचा?"

"माझा. सोमवारी विंडसरला जॉइन होतेय. गाड्यांच्या कारखान्यात, इंजिनिअर म्हणून."

"अभिनंदन..." हा शब्द उच्चारायला इतका अवघड असतो हे त्याला माहीत नव्हतं. "कधी ठरलं?"

"फेब्रुवारीत. दोन ऑफर होत्या. एक इथली, किचनरची. एक तिथली." तिनं खोक्याला चिकटपट्टी लावली, हातानं दाबली. "एका शनिवारी तुला विचारणार होते, कुठली घेऊ. तू बेसमेंटमध्ये होतास."

उन्मेष बाकावर बसला. मग त्यानं सगळं सांगितलं – चौकट, गुलमर्ग, कॅफेटेरिया, सात मुलं, अनन्या. वजनसुद्धा.

"माहितीये," रिटा म्हणाली. "पहिल्या दिवशी तू डावा बूट उजव्या पायात घातला होतास. एकशेवीसचे सहा जोड पडून होते माझ्याकडे."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, तू सांगशील. दर गुरुवारी वाटायचं." तिचा आवाज हलका झाला. "मला स्की येणारा नको होता रे. बारा ते एक कुणीतरी हवं होतं."

"रिटा, मला तू... म्हणजे पहिल्या दिवसापासून –"

"तेही माहितीये."

"विंडसर तीन तास तर आहे! मी येत जाईन की शनिवारी."

ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "तू आधी तिथले सगळे रस्ते पाठ करशील, मग येशील. माझ्याच्यानं पुन्हा वाट बघवणार नाही, उन्मेष. चांगली मुलगी आहे मी, पण तितकी नाही." तिनं टोपी घातली. "चल. फेरी तर मारू."

उन्हानं बर्फ पातळ झाला होता, कडेला चिखल दिसत होता. ती पुढं, तो मागं. उन्मेष वळला, झुकला, पुन्हा वळला, तिच्या मागोमाग रेघ काढल्यासारखा मधल्या सपाटीपर्यंत आला. एकदाही अडखळला नाही.

"मस्त!" रिटानं मनापासून टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात शेजारी कुणी एक पोट सुटलेले काका धप्पकन बसले. रिटा सरकत त्यांच्याकडे गेली, हातमोजे काढले, दोन्ही हात पुढं केले. काकांनी ते घट्ट धरले. ती मागं मागं सरकत, हसत, "हळू, हळू... आय हॅव गॉट यू," म्हणत त्यांना उतारावरून खाली नेऊ लागली.

उन्मेष आपल्या पायांवर छान उभा होता.