एक कार्ड कमी

"नाही हो ताई, अजून नाही आला. निळा शर्ट घालून येतो म्हणाला होता. इथे अर्धं तोआ पायोह स्टेशन निळ्या शर्टात फिरतंय! त्यातला आपला बावळट कोणता, कसं ओळखायचं?"

"हा. हा बावळट," मागून आवाज आला. चक्क मराठीत.

मेधाच्या हातातला फोन पडता पडता राहिला. तिने वळून पाहिलं. एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, गेटपलीकडे, स्टीलच्या कठड्याला टेकून एक उंच, सडपातळ तरुण उभा होता. शर्ट निळाच होता. पावसाने भिजलेले केस कपाळाला चिकटले होते, आणि डोळ्यांत असं मिश्कील हसू होतं की धरणीने दुभंगून आपल्याला पोटात घ्यावं असं मेधाला वाटलं.

"तुम्ही… मराठी?"

"अवधूत. मूळचा साताऱ्याचा. बावळट मात्र आत्ताच झालो."

ती लाजली, हसली, 'सॉरी' म्हणाली आणि त्या गडबडीत पाकीट द्यायचंच विसरली. त्यालाही आठवण झाली नसावी. गाडी आल्याची सूचना झाली तेव्हा कुठे दोघं भानावर आली.

तेव्हा, म्हणजे २००५ साली, सिंगापुरात हे रोजचंच होतं. लिलाव इंटरनेटवर व्हायचा आणि माल एमआरटी स्टेशनावर हातोहात दिला जायचा. त्यातही हुशार खरेदीदार गेटच्या बाहेर यायचाच नाही. उगाच बाहेर पडून पुन्हा आत जायचं, म्हणजे भाड्याचा भुर्दंड! त्यापेक्षा कठड्यावरूनच पैसे द्यायचे, वस्तू घ्यायची आणि उलट्या पावली परत फिरायचं.

पाकिटात होतं बेसबॉलचं एक जुनं कार्ड. मेधाचा प्रबोधमामा जन्मभर जहाजावर इंजिनिअर होता. अमेरिकेच्या बंदरात उतरला की इतर लोक बाजार करायचे आणि हा कोपऱ्यावरच्या जुनाट दुकानांतून एका जुन्या संघाच्या खेळाडूंची कार्डं शोधत फिरायचा. "बेसबॉल म्हणजे काय गं, मोठ्या माणसांचा विटीदांडू!" असं म्हणायचा. लग्न केलं नाही. गेल्या वर्षी तो गेला आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातली ती कार्डं भाचीकडे आली. 'विक आणि मजा कर' एवढाच निरोप होता.

मजा करायची म्हणून मेधाने पहिलं कार्ड लिलावाला लावलं होतं. दुसरं कशासाठी लावलं, ते मात्र तिने स्वतःलाही सांगितलं नाही.

खरं तर ती ऑडिटर. दुसऱ्यांच्या हिशेबातली बारीकशी चूकही तिच्या नजरेतून सुटायची नाही. पण डबाभर कार्डं एकदम विकून मोकळं व्हायचं सोडून ही बाई दर आठवड्याला एकच कार्ड काढायची. आणि कोण बोली लावणार, हे जणू ठरलेलंच असायचं. शुक्रवार उजाडला की तिचं लक्ष कामातून उडायचं. संध्याकाळी कठड्याशी उभं राहून ती वर येणाऱ्या सरकत्या जिन्याकडे बघत बसायची. गाडीगणिक माणसांचा लोंढा वर यायचा, ओसरायचा, आणि तो त्यात नसला की छातीत काहीतरी हलकेच तुटायचं.

मग तो यायचा.

"एवढं वेड बेसबॉलचं?"

"वेड तर लागलंय," असं म्हणून तो पाकीट न बघताच खिशात टाकायचा. "पुढच्या आठवड्यात कोण? बॅटवाला की झेल घेणारा?"

"ते आधीच कसं सांगणार? लिलाव आहे. दुसऱ्या कुणी जास्त बोली लावली तर?"

"लावून तर बघू दे!"

तो विद्यापीठात संशोधन करत होता. समुद्रातल्या शेवाळावर. शेवाळाबद्दल तो इतकं रंगून बोलायचा की मेधाला त्या शेवाळाचा हेवा वाटायचा. बोलता बोलता कठड्यावर दोघांचे हात जवळ यायचे… आणि मध्ये वितभर स्टील तसंच राहायचं. 'बाहेर या ना, समोरच्या हॉकर सेंटरमध्ये कॉफी छान मिळते,' हे वाक्य ती ऑफिसच्या लिफ्टमध्ये घोकून यायची. तोंडातून मात्र "बरं, जपून जा," एवढंच निघायचं.

"अगं, ज्या कठड्यावरून पाकीट जातं, त्यावरून एखादा शब्दही जाईल की," विनीताताई म्हणायच्या. त्यांच्या फ्लॅटमध्ये मेधा खोली घेऊन राहत होती, त्यामुळे चिडवण्याचा हक्क भाड्यातच वसूल व्हायचा.

सातव्या शुक्रवारी तो आला, पण हसला नाही.

"एक सांगायचंय. पहिलं कार्ड मी माझ्या प्रोफेसरांना भेट द्यायला घेतलं होतं. ते अमेरिकन आहेत, बेसबॉल म्हणजे जीव की प्राण. काल त्यांना दाखवलं, तुमच्या मामांच्या डब्याचंही सांगितलं, तर ते घेईनातच. म्हणाले, हा पूर्ण संच असणार, तो कोण मोडतंय? एकेक करून विकलात तर त्याची माती होईल. लिलावगृहाकडे द्या तो. तिथे खरे दर्दी येतात. इंटरनेटवर काय, सगळे हौशे, नवशे, गवशे."

"तुमच्यासारखे?"

"माझ्यासारखे," तो म्हणाला. "माझ्याकडची कार्डं पुढच्या शुक्रवारी परत आणून देतो."

"आणि मग?"

"मग…" तो कठड्यावर बोट फिरवत राहिला. "मला टोरांटोहून बोलावणं आलंय. दहा दिवसांत कळवायचंय. इथलं कामही वर्षभर वाढवून देतो म्हणतात. काय करू?"

नका जाऊ! मेधाच्या अंगातला कण न् कण ओरडला. पण त्याची एवढी चांगली संधी, आपण अडवणारे कोण?

"जा ना," ती म्हणाली. "अशी संधी पुन्हा येत नाही." आवाज इतका समजूतदार निघाला की तिचा तिलाच राग आला.

आता याला काय म्हणावं? त्याने तिच्या भल्याचं सांगितलं, तिने त्याच्या भल्याचं सांगितलं, आणि दोघंही रडवेल्या तोंडाने घरी गेली.

पुढच्या शुक्रवारी त्याने पाकिटं परत दिली. पैशांचं नंतर बघू म्हणाला. "काळजी घ्या," म्हणाला. सरकत्या जिन्यावरून खाली जाताना त्याने एकदा वळून पाहिलं. मेधाने हात हलवला, पण तोवर मधे माणसं आली होती.

घरी येऊन तिने पाकिटं पलंगावर ओतली आणि बघतच राहिली. पहिलं सोडलं तर बाकी सगळी पाकिटं बंद होती. तिने लावलेली चिकटपट्टी जशीच्या तशी होती. सहा आठवडे चढाओढीने बोली लावून घेतलेली कार्डं या माणसाने उघडून बघितलीसुद्धा नव्हती.

"ताई, याला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही!"

"अगं बाई, हे तुला आत्ता कळलं?" विनीताताई म्हणाल्या.

रात्रभर मेधाला मामा आठवत राहिला. एकदा त्याला विचारलं होतं, हा डबा कधी उघडत का नाहीस? तो म्हणाला होता, "शेवटचं कार्ड मिळालं आणि मजाच गेली बघ. एक कमी होतं ना, तोवर प्रत्येक बंदरात उतरायला कारण होतं."

शनिवारी ती ऑर्चर्ड रोडवरच्या लिलावगृहात गेली. तिथल्या वयस्क चिनी गृहस्थांनी पांढरे हातमोजे घालून एकेक कार्ड कौतुकाने पाहिलं.

"व्हेरी नाइस. कम्प्लीट सेट, आह?"

मेधाने मांडीवरची पर्स घट्ट धरली.

"नाही," ती म्हणाली. "एक कार्ड कमी आहे."

"अय्यो, सो वेस्टेड लाह! पूर्ण असता तर किंमत दुप्पट आली असती."

"माहितेय," मेधा म्हणाली. आठवड्याभरात ती पहिल्यांदाच मनापासून हसली.

घरी येऊन तिने पर्समधलं कार्ड ऑनलाइन लिलावाला लावलं. खाली अटी लिहिल्या, त्या मराठीत. 'संचात हेच एक कार्ड कमी आहे. पोस्टाने पाठवणार नाही. कठड्यावरून देणार नाही. खरेदीदाराने गेटच्या बाहेर यावं लागेल.' अख्ख्या साइटवर हे वाचू शकणारा एकच माणूस होता. तो साइट उघडेल की नाही, हे मात्र तिला माहीत नव्हतं.

रविवारी दुपारपर्यंत एकही बोली आली नाही. संध्याकाळी एक आली, ती ओसाकाहून! मेधाला रडूच फुटायचं बाकी राहिलं. त्या जपान्याला काय सांगणार, की बाबा रे, हे कार्ड विकायला काढलेलंच नाही? ती पडद्यासमोरून हलली नाही. विनीताताईंनी वरणभात तिथेच आणून दिला. तो गार होऊन गेला.

आणि लिलाव बंद होता होता एक बोली आली. ओसाकावर मात करून. नाव ओळखीचं होतं. ते नाव तिने परत परत वाचलं, आणि मग उशीत तोंड खुपसून ती हसली की रडली, ते विनीताताईंनाही कळलं नाही.

सोमवारी संध्याकाळी पाऊस कोसळत होता. तो गेटच्या आत, नेहमीच्या जागी येऊन उभा राहिला. ती बाहेर उभी होती. या वेळी ती कठड्यापासून चार पावलं लांबच थांबली.

"अटी वाचल्यात ना?"

"पाठ आहेत."

त्याने प्रवासाचं कार्ड टेकवलं. टुक्. झडपा उघडल्या आणि तो बाहेर आला. मधे काहीच नसताना तो इतका जवळ असतो, हे तिला नवीनच होतं. त्याच्या शर्टाला पावसाचा वास येत होता.

"मेधा, इतके शुक्रवार मी पाकीट घ्यायला येतच नव्हतो. तुम्हाला बघायला येत होतो."

"मग आधी का नाही बाहेर आलात?"

"तुम्ही कधी या म्हणालात?"

तिने विषयच बदलला. "टोरांटोला… काय कळवलंत?"

"येत नाही म्हणून."

"कारण काय दिलंत?"

"एक कार्ड कमी आहे, असं सांगितलं." तो हसला आणि त्याने हात पुढे केला. "द्या बघू ते. या वेळी उघडून बघतो."

मेधाने त्याच्या तळव्यावर पाकीट नाही, आपला हात ठेवला.

"कार्ड घरीच विसरले," तिने धडधडीत खोटं सांगितलं. "उद्या या."

"उद्या ये, म्हण."

"उद्या ये," ती म्हणाली. "आणि परवासुद्धा."