आज विंचरायचं नाही

क्षितिजने रोजच्यासारखी फणी पुढे केली आणि उषाताईंनी ती त्याच्या हातातून घेऊन सरळ पर्समध्ये टाकली. "आज विंचरायचं नाही," त्या म्हणाल्या आणि कालचाच चुरगळलेला शर्ट त्याच्यापुढे ठेवला. चौतीस वर्षांच्या लेकाने का म्हणून विचारलं नाही... विचारलं असतं तर त्यांना जरा हलकं तरी वाटलं असतं.

आता कुठल्या आईला आपलं लेकरू असं बाहेर न्यावंसं वाटेल? पण दोन वर्षांपूर्वी सरकारी इस्पितळातल्या याच तपासणीला त्यांनी त्याला न्हाऊमाखू घालून, दाढी करून, कडक इस्त्रीच्या शर्टात नेलं होतं, आणि वर पाठही करून घेतलं होतं, 'डॉक्टरांनी विचारलं की मी बरा आहे म्हणायचं.' चारचौघांत मुलगा नीट दिसावा एवढीच त्या वेडीची हौस! डॉक्टरांनी नीटनेटका माणूस पाहिला आणि लिहून टाकलं, कमवू शकतो. क्षितिजचे वडील श्यामसुंदरराव केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीवर कलकत्त्याला आले आणि इथेच गेले. त्यांचं पेन्शन आज उषाताईंना मिळत होतं, पण उषाताईंच्या माघारी ते क्षितिजला मिळायचं तर मनाच्या आजारामुळे तो कमवू शकत नाही असा दाखला हवा होता. उषाताईंनी सत्तरी ओलांडली होती, आणि छातीत अधूनमधून येणारी कळ त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती.

बराकपूरच्या घरून सियालदह स्टेशनपर्यंत तो गाडीत दोन्ही कानांवर हात ठेवून बसला. इस्पितळाच्या बाकावर तीन तास गेले, मग एकदाचं नाव पुकारलं.

"मासिमा, घरी यांना काय काय जमत नाही?" बंगाली रीतीने मावशी म्हणत तरुण डॉक्टरीणबाईंनी हिंदीत विचारलं.

त्याच्यादेखत कसं सांगायचं? त्याला बाहेर बसवावं, तर तो एकटा बसू शकत नव्हता. उषाताईंनी मान खाली घातली आणि सांगायला सुरुवात केली... गॅस मी त्याला पेटवू देत नाही, औषध हातात द्यावं लागतं, आठवडा आठवडा बोलत नाही, एकदा नदीच्या घाटावर निघून गेला तेव्हा लोकांनी आणून सोडला... आयुष्यभर झाकून ठेवलेलं सगळं त्या आपल्या हातांनी उघडं करत होत्या, आणि मध्येच थांबून पर्समध्ये रुमाल शोधू लागल्या.

तेव्हा क्षितिज बोलला, सावकाश, स्वच्छ बंगालीत. एवढ्या वर्षांत उषाताईंना ती भाषा शब्द न् शब्द कळू लागली होती.

"गेल्या वेळी मी खोटं बोललो. कानात आवाज तेव्हाही येत होते. पण आईने पाठ करून घेतलं होतं, चुकलो असतो तर तिला वाईट वाटलं असतं."

आपणच एकट्या याच्यासाठी झिजतो आहोत, असं त्या माउलीला इतकी वर्षं वाटत होतं... आणि हा अबोल लेक, डोक्यात तो सगळा कल्लोळ घेऊन, तिच्यासाठी बरा असल्याचं सोंग वठवत होता!

या वेळी कागदावर लिहिलं गेलं, कमवू शकत नाही. ज्या ओळीसाठी दोन वर्षं जीव टांगणीला लागला होता, ती वाचताना उषाताईंना रडू आवरेना.

बाहेर बाकावर बसून त्यांनी पर्समधून फणी काढली, पण हात पुढे होईना.

"क्षितिज, खरं सांग. रोज विंचरून घेतोस, तेही माझ्यासाठीच का रे?"

त्याने त्यांच्या हातातल्या फणीकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "ते मला आवडतं."

आणि त्याने डोकं त्यांच्यापुढे वाकवलं.