ओढ्यातली ऊब

"अहो पावणं, थांबा! ते चाक फिरवू नका!"

मी बांधावरून ओरडतच धावले. साखर कारखान्याचं कोमट पाणी जिथं ओढ्यात पडतं, तिथं एक तरुण व्हॉल्व्हच्या चाकाला हात घालून उभा होता. जानेवारीची गारठलेली सकाळ. पाण्यावर वाफ, हवेत मळीचा वास... आणि माझ्याकडे वळलेले दोन गोंधळलेले डोळे.

"मी पावणा न्हाय. कारखान्याचा इंजिनियर हाय, धैर्यशील. पावणं तर तुम्ही दिसताय."

"मी संघप्रिया कांबळे. पेठ वडगावची. कासवांचा अभ्यास करते. जरा खाली बघा."

तो वाकला. वाफेखाली कासवं होती – एकमेकांना चिकटून, नाकं तेवढी वर काढून. दर थंडीत ती नदीतून इथं उबेला येत.

"आयला..." त्यानं जीभ चावली. "पण ताई –"

"ताई नको!"

"बरं, न्हाय म्हणत." तो हसला. "पण हे पाणी आता गार करून कारखान्यातच वापरायचंय. नदीचा उपसा कमी होईल. चांगलंच काम हाय की!"

"आहेच. पण एकदम बंद केलंत, तर ओढा गार पडेल, कासवं आखडतील. लोक पोत्यात भरून नेतील." मी श्वास घेतला. "अमेरिकेत मॅनाटी नावाचे पाण्यात राहणारे प्राणी असतात, तेही थंडीत वीजकेंद्रांच्या कोमट पाण्याला येतात. केंद्र बंद करायचं म्हटलं की तिथंही हाच प्रश्न."

"केवढी असते ही मॅनाटी?"

"म्हशीएवढी. तशीच शांत."

"मग कोल्हापूरकराला आवडणारच!"

बोलता बोलता त्याचा हात चाकावरून निघाला होता.

तो मला थेट मुख्य इंजिनियर हंबीररावांकडे घेऊन गेला. साहेब कडाडले, "कासवांसाठी काम थांबवू व्हय?"

धैर्यशीलचे कान लाल झाले, पण तो हटला नाही. "थांबवू नका, साहेब. पाणी थोडं थोडं कमी करू. होळीपर्यंत ऊन तापंल, ती आपणहून नदीत जातील. रोज सकाळी मी स्वतः करतो. चुकलं तर माझ्यावर."

साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली. मग म्हणाले, "होळीपर्यंत. पुढं एक दिवस न्हाय."

रोज सकाळी तो चाक जरासं फिरवायचा, मी थर्मामीटर बुडवायची. तो थर्मासमधून चहा आणायचा... कप एकच. "दुसरा विसरलो," म्हणायचा. रोजच.

ऊन तापत गेलं, कासवं एकेक करून निघून गेली. होळीच्या सकाळी शेवटचं कासव नदीच्या दिशेनं सरकलं. धैर्यशीलनं चाक घट्ट आवळलं.

"उद्यापासनं तुम्ही येणार न्हाय..."

"काम संपलं ना."

"मग मी वडगावला येऊ? तुमच्या आईबाबांना भेटायला?"

"आमचं घर बौद्धवाड्यात आहे. तुमच्या घरी चालेल?"

"आईला सांगितलंय. चार दिवस बोलली न्हाय." तो मातीकडे बघत राहिला. "काल आपणहून इचारलं, पोरीला भाकरी जमती का?"

"मग... काय सांगितलंत?"

"म्हटलं, मला जमती."

मी हसले, आणि डोळे भरून आले. त्याचा हात हातात घेतला. ग्रीसनं काळा झालेला.

"कधी येतोस?" मी विचारलं.

पहिल्यांदाच – तू म्हणून.