चौथ्या प्रकरणाची ओली पानं

कपाशीच्या काड्या जरा आत सरकव रे नीलेश. वांगी वरून करपतील आणि आतून कच्ची राहतील. हां, अशी.

आणि डिंपल, तू काय म्हणालीस मघाशी? सोमवारपासून कॉलेजच्या लायब्ररीत बसणार? समाजशास्त्राचा प्रोजेक्ट? चांगलं आहे, बस की. वाच. पण त्याआधी एक ऐकून घे. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या भाचीची आहे, आणि तिच्यातली थोडी मी स्वतः पाहिलेली आहे.

माझी पारोळ्याची बहीण आहे ना, तिची मुलगी दिपमाला. एम.ए. करून पुढे पीएच.डी.ला लागली. कॉलेज जळगावातलं, नाव सांगत नाही. रोज पारोळ्याहून ये-जा करण्यात जीव जायचा म्हणून आमच्याकडे असोद्याला राहायला आली. सकाळी बसने जायची, संध्याकाळी मी मोटरसायकलवर घेऊन यायचो. तिचा विषय होता नवऱ्यांनी टाकलेल्या बायका. यावल-रावेरकडे केळीच्या बागांत कामाला जातात त्या. पोरगी हिंडायची, ओट्यांवर बसायची, बायकांशी बोलायची. वीस वर्षांपूर्वी मेघा नावाच्या एका मुलीने त्याच गावांमध्ये असाच अभ्यास केला होता. तेव्हा काय होतं आणि आता काय बदललं, हे दिपमालाला जुळवून बघायचं होतं. म्हणून तिला मेघाचा प्रबंध हवा होता. कॉलेजात त्याची एकच प्रत. लायब्ररीच्या मागच्या खोलीत, संदर्भ विभागात. ती बाहेर नेता येत नाही, फोटो काढता येत नाहीत, मोबाइल काउंटरवर जमा. तिथंच बसायचं आणि हाताने उतरवून घ्यायचं.

लायब्ररीत सारिका मॅडम होत्या. शांत बाई. दिपमालाने प्रबंध मागितला तेव्हा कपाट उघडताना म्हणाल्या, "जमलं तर दुपारीच वाचत जा."

"का मॅडम?"

"त्या खोलीत ओल आहे," एवढंच म्हणाल्या.

ओल म्हणे. जळगावात! डिसेंबरात!

पहिल्या दिवशी पोरगी घरी आली ती नाक मुरडतच. म्हणाली, "मामा, त्या पुस्तकाला घाण वास शे." मी म्हटलं, जुनं पुस्तक, बुरशी असेल. ती म्हणाली, "बुरशीना वास माले माहीत शे. हाऊ तोंडना वास शे. तंबाखू खाईसन चूळ नही भरी, तसा."

पानांचे खालचे कोपरे चिकटलेले होते. नखाने सोडवायला गेली तर बोट ओलं झालं. छपरातून गळतं का म्हणून वर बघितलं, छत कोरडं ठणठणीत. ओढणीने बोट पुसलं तर ओढणीवर तपकिरी डाग. मग ती पेन्सिलच्या टोकाने पानं उलटू लागली. चार-पाच दिवस असंच चाललं. आणि एक गोष्ट तिच्या लक्षात आली. शिकलेली पोरगी, बघायची सवय होती तिला. आकड्यांचे तक्ते होते, ती पानं कोरडी. गावांची माहिती, शेतीची माहिती, कोरडी. पण जिथे एखादी बाई बोलते, स्वतःच्या तोंडाने सांगते, तिथे कोपरा ओला. आणि बाई जेवढं आतलं सांगते... दार लावल्यावरचं, रात्रीचं, अंगावरचं... तेवढा जास्त ओला.

तिने मला हे सांगितलं तेव्हा माझ्या हातातला घास तसाच राहिला. भीती नाही वाटली मला. किळस आली. कुणीतरी त्या बायांचं दुखणं चाटून चाटून वाचतंय, असं काहीतरी डोक्यात आलं, आणि मी ते झटकून टाकलं.

आता तो दिवस. दोन वर्षं झाली, डिसेंबरातला सोमवार, चंपाषष्ठी. आपल्याकडे त्या दिवशी भरीत असतंच. आमच्या हिने, तुमच्या अक्काने, वांगी आणून ठेवलेली. दिपमाला म्हणाली, "आज चौथं प्रकरण संपाडीसन येस, मग मना वाटा ठेवा." चौथं प्रकरण म्हणजे निव्वळ बायकांच्या मुलाखती. दुपारी तिला कसलीशी मीटिंग होती, म्हणून लायब्ररीत जाईपर्यंत पाच वाजून गेले. थंडीचे दिवस, लवकर अंधारतं. मी गेटबाहेर मोटरसायकल लावून शेंगा खात उभा होतो.

आतलं आता तिने सांगितलं तसं सांगतो.

खोलीत ती एकटीच. ट्यूबलाइट चालू, पंखा बंद. लांब टेबल, खुर्च्या. बाहेर काउंटरवर सारिका मॅडम, मध्ये काचेचं दार लोटलेलं. चौथं प्रकरण उघडलं. रावेरकडची एक बाई सांगत होती, लग्नाच्या पहिल्या वर्षाचं. दिपमाला लिहून घेत होती. पान संपलं. तिने पेन्सिल पुढे केली.

पान आधीच उचललेलं होतं.

कोपरा वर. जरासा. वारा नाही, पंखा नाही... तिने हाताने दाबून ठेवलं. पान खाली बसलं. ती लिहायला लागली.

मग आवाज आला.

च्च.

जीभ टाळूपासून सुटते ना, तसा. अगदी शेजारून.

तिने मान वळवली नाही. शेजारची खुर्ची रिकामी आहे हे तिला माहीत होतं. बसताना पाहिलं होतं. पण आता त्या बाजूने ऊब येत होती. माणूस खेटून बसला की येते, तशी. आणि तो वास.

च्च.

पान उलटलं.

तिने नाही उलटलं.

नव्या पानावर कोपऱ्यात गोल ओला ठसा उमटला. अंगठ्याएवढा. तिच्या डोळ्यांदेखत. कागदात थुंकी पसरत गेली... हळूहळू... अक्षरांपर्यंत.

ऊठ, असं ती स्वतःला सांगत होती. पाय उठेनात. उजव्या हातात पेन. डावा हात टेबलावर, तसाच पालथा.

श्वास लागत होता कानाला.

च्च...

आणि मनगटावर काहीतरी टेकलं. ओलं. मऊ. कोमट.

अंगठा.

तो सरकला मनगटाच्या कडेला. थांबला. दाबला. आणि तिचा हात... पालथा होता ना... तो उताणा केला.

पान उलटतात ना, तसा.

...

काड्या घाल रे. विझतंय.

तर. दुसरी कुणी असती तर बेशुद्ध पडली असती. दिपमालाला म्हणे त्या क्षणी इतकी शिसारी आली, की भीतीला जागाच उरली नाही. बसमध्ये कुणी अंग घासायला लागला की बाई कशी फिरते, तशी ती फिरली. रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून ओरडली. मी गेटवर होतो, मला ऐकू गेलं. वॉचमनला ऐकू गेलं.

"लाज नही वाटस का रे तुले? मरी गया तरी तुनी खोड गई नही? ऊठ आठून! ऊठ!"

आणि खुर्ची मागे सरकली. खर्रर्र... फरशीवरून. जड माणूस उठताना सरकते तशी.

मी शेंगा टाकल्या आणि धावत आत गेलो. बघतो तर पोरगी भिंतीला मनगट घासतेय. चुना निघाला, कातडी निघाली, रक्त आलं, तरी घासतेय. मी तिला धरलं. सारिका मॅडम दारातच उभ्या होत्या, आत पाऊल टाकत नव्हत्या. काय झालं, असं विचारलं नाही त्यांनी. टेबलाकडे बघितलं आणि म्हणाल्या,

"चौथं प्रकरण?"

बघा आता. म्हणजे बाईला माहीत होतं!

मी चिडलो. गेटपर्यंत त्या आमच्याबरोबर आल्या, तेव्हा मी सोडलंच नाही. म्हटलं, मॅडम, कोण आहे तो? खाली मान घालून त्यांनी सांगितलं. पूर्वी या विषयाचे एक सर होते. मोठे विद्वान. किती मुलांचे प्रबंध त्यांच्या हाताखाली झाले. त्यांचा फोटो अजून हॉलमध्ये आहे, दर वर्षी हार घालतात. तोंडात कायम तंबाखू, अंगठा चाटून पानं उलटायची सवय. मुलींना त्या मागच्या खोलीत बोलवायचे. प्रकरण तपासायला. खेटून बसायचे. सगळ्यांना माहीत होतं. एका मुलीने तक्रार केली तर वरून उत्तर आलं, सर वयस्कर आहेत, मुलीसारखं मानतात. चार वर्षांपूर्वी त्याच टेबलावर वाचता वाचता गेले.

"तुम्हाला माहीत होतं, आणि माझ्या भाचीला आत बसवलंत?"

"मी दुपारी बसा म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. आणि रडायला लागल्या. मला तेव्हा त्यांचीही किळसच आली. खोटं कशाला बोलू?

घरी आलो. पोरीने साबण लावला, राख लावली, रॉकेल लावलं, लिंबू चोळलं. अक्काने ताट वाढलं. भरीत बघितलं, ते मऊ, तेल सुटलेलं... आणि मोरीपर्यंत पोचायच्या आतच ओकली.

माझ्या बहिणीचा फोन, विषय सोड, घरी ये. मीही म्हटलं, दुसरा विषय घे. ती म्हणाली, "मामा, मी सोडीसन पळनू, तर त्या बठ्ठ्या बाया तठेच ऱ्हातीन. त्याना हातमा." त्या सगळ्यांना ती त्याच्या हातात सोडणार नव्हती.

पुढच्या रविवारी मी तिला यावलला घेऊन गेलो. मेघाताईंचा पत्ता काढला होता. पंचेचाळिशीची बाई, घरी शिवणकाम करते. एवढी शिकलेली. प्रबंध दिला आणि पुन्हा कधी कॉलेजची पायरी चढली नाही म्हणे. चहा ठेवला. दिपमालाने सगळं सांगितलं. ताई मशीनवर हात ठेवून ऐकत होत्या.

"कोणती पानं ओली आहेत?" त्यांनी विचारलं.

दिपमालाने सांगितलं. रावेरची बाई. फैजपूरकडची. सावद्याची म्हातारी.

ताईंनी सुईखालचं कापड काढून घेतलं. मग म्हणाल्या, "तीच पानं तो मला मोठ्याने वाचायला लावायचा. परत वाच म्हणायचा. परत." पदराने तोंड पुसलं. "बायांनी मला विश्वासाने सांगितलं होतं गं. आणि मी ते नेऊन त्याच्या पुढ्यात ठेवलं."

"तुमची काय चूक, ताई?"

"चूक कुणाची ते राहू दे. तो अजून वाचतोय ना? मग आधी ते काढून घेऊ."

दुसऱ्याच दिवशी त्या जळगावला आल्या. विभागप्रमुखाने नियम सांगितले, प्रबंध कॉलेजची मालमत्ता आहे म्हणाला. ताईंनी फक्त एवढंच विचारलं, "हॉलमधल्या फोटोखाली उभी राहून बोलू का मी? मुलांना बोलवा." त्याने लगेच लायब्ररीत निरोप धाडला. सारिका मॅडमनी कपाटाची किल्ली स्वतः आणून दिली. ताईंनी प्रबंध छातीशी नाही धरला. प्लास्टिकच्या पिशवीत घातला, मेलेली घूस उचलतात तसा लांब धरून बाहेर आणला.

आणला तो इथंच, या शेतात. अशाच काड्यांवर टाकला. तक्ते भराभर जळाले. चौथं प्रकरण जळेना. चर्र चर्र आवाज, फेस येतोय, तपकिरी पाणी ओघळतंय निखाऱ्यांवर. आणि वास... माझी दोन्ही कुत्री शेत सोडून गेली, ती दोन दिवस परत आली नाहीत. आम्ही नाकाला फडकी बांधून काड्या घालत राहिलो. उजाडताना कुठे राख झाली.

त्यानंतर दिपमाला त्या गावांमध्ये नव्याने गेली. वीस वर्षांपूर्वीच्या बायांपैकी ज्या हयात होत्या, त्यांना भेटली, मेघाताईंना बरोबर घेऊन. पुन्हा विचारलं, पुन्हा लिहिलं. जे लिहू नको म्हणाल्या, ते लिहिलं नाही. लायब्ररीची ती खोली कॉलेजने बंद केली. आत काही आहे की नाही, देव जाणे. फोटो मात्र अजून तिथंच आहे, हार घातलेला. त्याला काय म्हणायचं?

दिपमाला आता यावलला शिकवते. हसते, बोलते, सगळं ठीक आहे. मनगटाची जखमही भरली, खूण उरली नाही.

मलाही वाटलं होतं, संपलं.

गेल्या वैशाखात तिच्या भावाची, दीपकची हळद होती पारोळ्याला. भर उन्हाचा मांडव, पत्रे तापलेले, घामसुद्धा अंगावर टिकत नव्हता. बाया एकमेकींना हळद फासत होत्या. दिपमालाला धरलं, गाल, मान, दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे केले. हळद वाळली, तडकायला लागली. ती माझ्याशेजारी येऊन बसली. मी सहज बघितलं.

डाव्या मनगटावर अंगठ्याएवढी जागा उघडी. हळद तिथून ओघळून गेलेली. तिने माझ्याकडे बघितलं. बोटभर हळद घेतली, माझ्यादेखत तिथं लावली...

हळद ओली झाली. हळूहळू सुटली. आणि खाली गळाली.