काटा शून्यावर आला तेव्हा

“अक्का, शेवटचं सांगतो, पंप बंद करा! रात्रीचे पावणेदोन वाजले की हा धाकटा पंप बोंबलत सुटतो. नुसता हाच थांबवला तर थोरला सुरू होईल, म्हणून दोन्ही बंद. वरच्या मजल्यांवरचे लोक माझं डोकं खातात.”

“डोकं असलं तर खातील ना,” अक्का म्हणाली. “दाबाचा काटा बघा. सात किलोवरून पाचवर येतो. पाणी जातं, म्हणून पंप सुरू होतो.”

“सगळे मजले तपासलेत. थेंबभर गळती नाही.”

“गळती नाहीच. अकराव्यावर तो झडप उघडून बघतो, पाणी आहे की नाही.”

मॅनेजरनं काट्याकडं पाठ फिरवली.

हे भांडण म्हातारा फिटर नव्या कामगारांना अंधार पडल्यावरच सांगतो. अक्का त्याची सख्खी बहीण. बावीस मजली इमारतीत आग विझवायच्या पाण्याचे पंप सांभाळायची. ती मंगळवारची रात्र होती. तीन वर्षांपूर्वी अशाच तक्रारींवरून याच मॅनेजरनं पंप बंद ठेवले होते. रात्री पावणेदोनला अकराव्या मजल्यावर आग लागली, तेव्हा रात्रपाळीचा वॉचमन कोरडी नळी धरून उभा राहिला... तिथंच गेला.

“भाकडकथा! उद्यापासून कामावर येऊ नका,” म्हणत मॅनेजरनं स्वतःच दोन्ही बटणं फिरवली.

पंप थांबला.

काटा उतरू लागला. पाच. तीन. एक...

शून्य.

मग उभ्या पाइपातून आवाज आला. ठक. ठक... वर कुणीतरी झडपेचं चाक हिसडत होतं.

“कु... कुणीतरी खोडी काढतंय.”

“मग चला की, धरू त्याला.” अक्का पुढं निघाली. भीती तिलाही वाटत होती; पण तिनं ती तोंडावर येऊ दिली नाही.

अकरावा मजला. सगळी दारं बंद. नळी टोकापर्यंत उलगडलेली. झडप सताड उघडी. अख्ख्या पाइपाचं पाणी उतरलेलं, आणि फरशी...

कोरडी ठाक.

मॅनेजरनं नळीची पितळी तोटी उचलली आणि किंचाळला. तळव्यावर टरारून फोड आले. अक्कानं तीच तोटी हातात घेतली. गार होती.

तिनं झडप बंद केली, नळी गुंडाळली, लिफ्टचं बटण दाबलं. मॅनेजर हात छातीशी धरून भिंतीला टेकला होता.

“पंप चालू करायला चाललेय मी, साहेब, त्याला तुम्ही एकदा कोरडं ठेवलंत, मी जिवंत असेपर्यंत दुसऱ्यांदा ठेवू देणार नाही.”